मुक्काम शाहूपुरी

लॉजच्या काउंटरमागे कॅलेंडरच्या खिळ्याला
पुठ्ठ्यावर टांगलाय वायफायचा पासवर्ड:
लॉजचंच नाव, पुढे एक दोन तीन.
मी वाचते आणि वाचलाच नाही असं करते.
आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तिरकं लिहिते,
फक्त मुक्कामासाठी, तारीख, सही.
आदगोंडा काका चष्म्यावरून बघतात.
"लई बारीक काम दिसतंय तुमचं."

बारीकच आहे.
तीन दिवस, एक पतसंस्था,
दोन हजार एकशे चाळीस थकबाकीदार
माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये.
कुणाचं घर तारण, कुणाच्या बायकोच्या पाटल्या,
कुणाच्या जामीनदारानं हात वर केलेले.
वजन म्हणाल तर दीड किलो, चार्जर धरून.

जेवायला बसले की सॅक पायात, पट्टा पोटरीला वेढून.
स्टँडवर फुकट चार्जिंगची पेटी आहे, चार वायरी लोंबतात;
मी माझी पॉवर बँक काढते, सोवळ्यातल्या बाईसारखी.
साहेबांचा फोन आला तर जिन्यात उभी राहून
हो, नाही, संध्याकाळी सांगते.
अंघोळीला जातानाही लॅपटॉप पूर्ण बंद,
नुसतं झाकण लावून भागत नाही.

काल टेबलाच्या खणात पेनड्राइव्ह सापडला,
निळा, दोरीत ओवलेला, कुणीतरी विसरलेला.
मेलेली पाल उचलावी तसा रुमालात धरून खाली नेला.
काकांचा नातू लगेच म्हणाला, लावून बघू की, गाणी असतील.
"नको!"
एवढ्या जोरात ओरडले
की चहावाल्याच्या हातातली किटली थबकली.

रात्री जनरेटरच्या घरघरीत काका बोलायला लागले.
"अकरा वर्सं हुपरीची चांदी सेलमला पोचवली मी.
सगळी पैंजणं. पिशवी कसली? खताची.
आत फडक्यात माल, वर चार कांदे, एक जुना टॉवेल.
मिरजेला गाडीत बसलं की शेजारचा इचारणारच, काय हाय म्हणून.
गूळ म्हणायचं न्हाई.
गूळ म्हटलं की माणूस खडा मागतो,
मग गाठ सोडाय लागती."

मग काय म्हणायचं?

"आईची औषधं. कोण हात लावत न्हाई."

मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे दोन पासवर्ड आहेत,
फोनवर येणारा आकडा वेगळा,
मशीन चोरलं तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही.
काका बराच वेळ मान हलवत राहिले.
"आन् तुमास्नी कोण वाचलं तर?"

आज सकाळी मिसळीच्या दुकानात
मालकाचं पूर्ण नाव पाटीवर होतं.
ओळ सहाशे बारा.
चौदा महिने एकही हप्ता नाही,
दोन नोटिसा, दुसरी परत आलेली.
मी पटकन फोनमध्ये बघितलं,
फोनमध्ये काहीच नव्हतं, तरी बघितलं.

तो स्वतः रस्सा घेऊन आला.
"घ्या की ताई, लाजू नका. पाहुणं कुठलं? काय काम काढलं?"
पट्टा पोटरीला कचकन आवळला.
"आईची औषधं न्यायला आलेय," मी म्हणाले.

माझी आई नगरला ठणठणीत असते,
पहाटे उठून टेकडी चढते.

"काय झालंय?" त्यानं पळी खाली ठेवली.
मग कुठला डॉक्टर, कुठलं दुकान स्वस्त पडतं,
त्याच्या आईच्या वेळी कोण देवासारखं भेटलं,
सगळं उभ्याउभ्या सांगितलं त्यानं.
ब्रेडच्या दोन स्लाइस जास्तीच्या ठेवल्या,
बिलात धरल्या नाहीत.

खोलीत येऊन दार लावलं, वरची कडी घातली,
खिडकीकडे पाठ करून बसले.
पासवर्ड टाकला. फोनवर आकडा आला, तोही टाकला.
सहाशे बारावर गेले.
शेऱ्याच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.
दोन स्लाइस.
तपासणीत कुठे दाखवायच्या ते अजून कळलेलं नाही.